देशी-विदेशी नंतर, आधी वलये मोजा

विदर्भात नैसर्गिक शेतीचे शिबिर असो की कृषी प्रदर्शन, गांडुळाचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, गांडूळखताशिवाय जमीन सुधारत नाही. बेड लावा, कल्चर आणा, कामाला लागा. दुसरी म्हणते, ते विकतचे लाल गांडूळ आपले नाहीच, ते परदेशी आहे, जमिनीच्या कामाचे नाही. आपले देशी गांडूळ तेवढे खरे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ही दुसरी बाजू वर्षानुवर्षे ठासून मांडली आहे आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्यांचे म्हणणे मानणारे शेतकरी गावोगाव आहेत. दोन्ही बाजूंची माणसे तळमळीने बोलतात, हे मी पाहिले आहे. पण ज्या जिवावरून हा वाद चालतो, तो हातात घेऊन, धुऊन, उलटा करून फारसे कुणी पाहत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की वाद त्यानंतर घाला.

प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी यवतमाळात गेली. निवृत्त झाल्यावरही पावसाळा लागला की ओळखीपाळखीचे शेतकरी डबीत ओली माती आणि गांडुळे घालून घरी येतात. प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, हे देशी हाय का विदेशी, तेवढं सांगा." मी सांगते, पण आधी भिंग त्यांच्या हातात देते. कारण हे उत्तर रंगावरून, लांबीवरून किंवा विकणाऱ्याच्या शब्दावरून द्यायचे नसते. ते शरीररचनेवरून द्यायचे असते, आणि शरीररचना वाचायला पदवी लागत नाही, सवय लागते.

पांढऱ्या ताटलीत थोडे पाणी घ्यावे आणि गांडूळ धुऊन त्यात ठेवावे. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. पूर्ण वाढ झालेल्या गांडुळाच्या अंगावर एक जाड, वेगळ्या रंगाचा, गुळगुळीत पट्टा दिसतो. शास्त्रात त्याला क्लायटेलम म्हणतात. पिल्लांना तो नसतो, म्हणून पिल्लावरून निकाल देऊ नये. पट्टा ज्या टोकाच्या जवळ असतो ते तोंड. तोंडावरचे पुढे आलेले छोटे मांसल टोक सोडून द्यायचे आणि त्यामागच्या पहिल्या वलयापासून मोजत यायचे. मोजणी किचकट वाटते, पण गांडूळ शांत पडले की दोन मिनिटांत जमते.

पट्टा १४, १५ आणि १६ या तीनच वलयांवर असेल आणि चहूबाजूंनी बंद असेल, तर ते आपल्या क्रमिक पुस्तकातल्या 'फेरेटिमा' गटातले. त्याला पोटाकडून पाहावे. १८व्या वलयावर नराची दोन छिद्रे दिसतात. १७व्या आणि १९व्या वलयांवर उंचवट्यांची एकेक जोडी असेल, तर ते 'पोस्थुमा' ही जाती असल्याची मोठी खूण. पट्टा १४ ते १७ असा चार वलयांवर आणि अंग फिकट पिवळसर, पुढचा भाग किंचित जांभळट असेल, तर बहुधा 'लॅम्पिटो मॉरिटी', दक्षिण भारताच्या पठारावर सर्वत्र आढळणारे. १३ ते १७ आणि पाठ गर्द जांभळी असेल तर 'पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस'. १४ ते १८ असेल तर 'युड्रिलस युजिनी', मूळ आफ्रिकेतले. आणि पट्टा पार मागे, २४-२६ पासून ३२ व्या वलयापर्यंत गेलेला, पोटाकडच्या बाजूने उघडा असेल, तर तेच ते वादातले लाल गांडूळ, 'आयसेनिया फेटिडा', मूळ युरोपकडचे.

नुसत्या पट्ट्यावर थांबू नये, कारण एखाददुसरे वलय मोजण्यात इकडेतिकडे होते. दुसरी साक्ष राठ केसांची. गांडुळाच्या अंगावर शेपटीकडून तोंडाकडे बोट फिरवले की खरखर लागते. ती या केसांची. जवळजवळ प्रत्येक वलयात कातडीत रुतलेले, इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळलेले हे केस गांडुळाला मातीत पाय रोवायला मदत करतात. आयसेनिया आणि युड्रिलस यांच्या एका वलयात असे आठच केस, दोन-दोनच्या जोड्यांनी. फेरेटिमा गट, लॅम्पिटो आणि पेरिओनिक्स यांच्या वलयाभोवती मात्र केसांचे पूर्ण कडे असते. पोस्थुमात ते शंभराच्या आसपास भरतात. पट्टा आणि केस, दोन्ही साक्षी जुळल्या की बाजारात मिळणारी आणि वावरात सापडणारी बहुतेक गांडुळे वेगळी करता येतात. एकही गांडूळ मारावे लागत नाही.

अंगावरचे केस आणि वलये मोजून वंश, म्हणजे जीनस, ठरवण्याची ही पद्धत केवळ गांडुळांपुरती नाही. तिचा मोठा भाग समुद्रावर घडला. गांडुळाचे सख्खे नातेवाईक म्हणजे समुद्रातले बहुरोमी किडे. यवतमाळपासून मुंबईचा समुद्र सहाशे किलोमीटरहून दूर, पण आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात फॉर्मॅलिनच्या बरणीत 'नेरीस' असायचाच. विद्यार्थी समुद्र न पाहता त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंचे वल्ह्यांसारखे अवयव आणि त्यांतून बाहेर आलेले केसांचे झुबके रेखाटायचे. नेरीसच्या कुटुंबात वंश ओळखायचा तर त्याचा घसा बाहेर काढलेला असावा लागतो. घशाच्या कोणत्या भागात बारीक काळे दात आहेत, ते टोकदार आहेत की आडव्या पट्टीसारखे, यावरून नेरीस वेगळा आणि 'पेरिनेरीस' वेगळा.

बोटाच्या पेराएवढ्या, दोऱ्यासारख्या बारीक 'कॅपिटेलिडी' कुटुंबातल्या किड्यांत तर सारी भिस्त मोजणीवरच असते. केस असलेल्या पहिल्या चार वलयांवर लांब साधे केस आणि पाचव्यापासून आकडे, तर 'मेडिओमॅस्टस'. पहिल्या पाचांवर केस आणि सहाव्यापासून आकडे, तर 'हेटरोमॅस्टस'. छातीच्या अकराही वलयांवर साधे केसच, तर 'नोटोमॅस्टस'. एका वलयाचा फरक आणि वंश बदलतो. या मोजणीला काय महत्त्व, असे कुणी विचारेल. १९६९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्ट फालमथजवळ तेल सांडले आणि तिथल्या मेलेल्या गाळात 'कॅपिटेला' नावाचा असाच एक किडा प्रचंड वाढला. हा किडा दिसला की पाणी दूषित, असे जगभर धरले जात होते. १९७६ मध्ये ज्युडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल या दांपत्याने दाखवून दिले की 'कॅपिटेला कॅपिटाटा' या एका नावाखाली किमान सहा वेगळ्या जाती वावरत होत्या. दिसायला जवळपास सारख्या, पण अंडी घालण्याच्या आणि वाढण्याच्या तऱ्हा निराळ्या. म्हणजे नाव एक आणि जीव सहा. गांडुळाच्या वादात आपले नेमके हेच होते. 'गांडूळ' हा एकच शब्द घेऊन आपण पाच वेगळ्या जिवांबद्दल एकच मत देऊन मोकळे होतो.

गांडूळ आणि समुद्रकिडे या दोन नातेवाइकांना जोडणारा एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वीडनचे 'युजिनी' हे जहाज १८५१ ते १८५३ या काळात पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा त्यावर ह्यालमार किनबर्ग हा डॉक्टर आणि प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याने त्या प्रवासातले बहुरोमी समुद्रकिडेही वर्णिले आणि गांडुळेही. फेरेटिमा, अमिन्थस, लॅम्पिटो ही तिन्ही वंशनावे १८६०च्या दशकात त्यानेच दिली, आणि आज गांडूळखताच्या बेडमध्ये वाढणाऱ्या युड्रिलस युजिनीचे पहिले वर्णनही त्याचेच. समुद्राचा गाळ असो की काळी कसदार माती, पाहण्याची शिस्त त्याच्याकडे एकच होती.

आपल्याकडेही ही शिस्त रुजली होती. १९२३ मध्ये जॉन स्टीफन्सन यांचा भारतातल्या गांडुळांवरचा मोठा ग्रंथ आला. १९२६ मध्ये लखनौच्या करम नारायण बहल यांनी फेरेटिमाच्या शरीररचनेवर लिहिलेली पुस्तिका आली आणि त्यावरच पुढे देशभरातल्या बी.एस्सी.च्या पिढ्या शिकल्या. मीही शिकले, मीही शिकवले. पण १९७२ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या सिम्स आणि ईस्टन यांनी फेरेटिमाचा शेकडो जातींचा पसारा शरीररचनेच्या आधारावर वेगवेगळ्या वंशांत विभागला. नराची छिद्रे कातडीवर उघडी असतील तर अमिन्थस. ती आत वळलेल्या पिशवीत असतील तर 'मेटाफायर'. आणि शुक्राणू साठवणाऱ्या पिशव्यांच्या नळ्यांवर उत्सर्जनाच्या बारीक नलिका असतील तरच खरा फेरेटिमा. या कसोटीवर आपले पुस्तकातले गांडूळ मेटाफायर पोस्थुमा ठरले. त्याला अर्धशतक उलटून गेले, तरी कित्येक पुस्तकांत आणि प्रश्नपत्रिकांत अजून फेरेटिमाच छापले जाते.

आता देशी-विदेशीच्या वादाकडे वळू. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'भारतीय गांडूळ' म्हणून शिकवले, ते मेटाफायर पोस्थुमा मुळात आग्नेय आशियातले मानले जाते. माती आणि रोपांबरोबर ते इकडे आले आणि स्थिरावले. उलट पेरिओनिक्स हे आपल्याच भागातले, अस्सल देशी. पण ते जमीन खोल नांगरत नाही. ओल्या पालापाचोळ्यात, शेणाच्या ढिगाखाली राहते आणि तेच खाते. म्हणजे 'देशी म्हणजे जमीन उकरणारे, विदेशी म्हणजे कचरा खाणारे' ही मांडणी दोन्ही टोकांनी मोडते.

खरी वाटणी वेगळी आहे. फ्रान्सच्या मार्सेल बुशे यांनी १९७०च्या दशकात गांडुळांचे राहणीप्रमाणे तीन गट केले: पृष्ठभागावर पाल्यात राहणारी, मातीच्या आत आडवी बिळे करून माती खाणारी आणि खोल उभी बिळे करून रात्री वरचा पाला खाली ओढून नेणारी. आयसेनिया, युड्रिलस, पेरिओनिक्स ही तिन्ही पहिल्या गटातली. त्यांना शेण आणि काडीकचरा द्या, ती उत्तम खत करतात. त्यांना कपाशीच्या वावरात सोडले तर खायला पाला नाही, वर सावली नाही, ती जगत नाहीत. आयसेनियाला साधारण पंचवीस अंशांचे तापमान मानवते. पस्तिशीच्या वर तिचा टिकाव लागत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. म्हणून 'विदेशी गांडुळाने जमीन बिघडवली' असे म्हणणाऱ्याला मी विचारते, ते तुमच्या वावरात जगले तरी होते का? आणि 'गांडूळ सोडले तरी जमीन भुसभुशीत झाली नाही' अशी तक्रार करणाऱ्याला सांगते, भाऊ, ते काम त्या जिवाचे नव्हतेच. ते काम मेटाफायर आणि लॅम्पिटो करतात, आणि ती विकत आणावी लागत नाहीत. धुऱ्यावर, झाडाखाली, ज्या कोपऱ्यात वखर आणि तणनाशक पोचत नाही तिथे ती आहेतच. पाला जमिनीवर राहू दिला, जमीन झाकली, विषारी औषधे आवरली तर ती वाढतात. या बाबतीत पाळेकरांचा आग्रह मला पटतो. आयसेनियाला शत्रू ठरवण्याचा आग्रह मात्र पटत नाही. बेडमध्ये, सावलीत, ओलाव्यात ती आपले काम चोख करते.

परक्या गांडुळाचा धोका मुळीच नाही, असेही मी म्हणणार नाही. उत्तर अमेरिकेत आशियातून गेलेल्या अमिन्थस वंशाच्या गांडुळांनी जंगलातला पाल्याचा थर खाऊन टाकला आणि त्यावर अवलंबून असलेली रोपे, प्राणी अडचणीत आले. टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्ये आपल्या जिल्ह्यात आहेत. तिथल्या मातीत आज कोणती गांडुळे आहेत, हे नीट नोंदलेले असेल तरच उद्या नवीन काही शिरले हे कळेल. त्यासाठीही ओळखच लागते.

जीव न ओळखता उपाय करण्याची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याची कारणे अनेक होती: डोक्यापर्यंत वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिश्रणे, अंगावर संरक्षण नसणे. पण त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनेही थैमान घातले होते, आणि बोंडाच्या आत शिरलेल्या अळीवर वरून केलेली फवारणी पोचत नाही, हे सांगणारे माणूस कित्येक गावांत वेळेवर पोचले नाही. समोरचा जीव कोण, तो कुठे राहतो, काय खातो, हे आधी ठरवायचे आणि मग हात उचलायचा. गांडूळ असो की अळी, क्रम हाच.

मग हे ठरवणारी माणसे तयार कुठे होणार? प्राणिशास्त्राच्या वर्गात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन कमी करायला सांगितले आणि २०१४ मध्ये ते थांबवायला लावले. हजारो बेडूक आणि गांडुळे दरवर्षी केवळ परीक्षेसाठी मारली जात होती. ते थांबले हे योग्यच झाले आणि मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे. पण विच्छेदन गेले त्याबरोबर निरखणेही गेले, ही माझी तक्रार आहे. ट्रेमध्ये गांडूळ ठेवून वलये मोजायला, केसांची रचना पाहायला कुणाचा जीव घ्यावा लागत नाही. मोजून झाले की ते परत मातीत सोडता येते. आतली रचना पाहायचीच असेल तर बरण्यांतले जुने नमुने आहेत. तरी हे नमुने कपाटात धूळ खातात, त्यांवरची चिठ्ठी गळून पडलेली असते आणि मुलांना पडद्यावर चित्र दाखवून तास संपतो. स्थळ, तारीख आणि नाव नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो. जनुकीय तपासणीने आता जाती ठरवता येतात, हे खरे आहे आणि चांगले आहे. पण त्या तपासणीचे उत्तर ज्या नमुन्याशी ताडून पाहायचे, तो नमुना कुणीतरी आधी डोळ्यांनी नीट ओळखलेला असावा लागतो.

यावर उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. पहिला, गांडूळ कल्चर विकणाऱ्याने किंवा वाटणाऱ्याने पाकिटावर त्याचे शास्त्रीय नाव आणि ते कुठून आणले हे मराठीत छापावे. खताची प्रत ठरवायला खत नियंत्रण आदेशात निकष आहेत. सेंद्रिय कर्ब किमान अठरा टक्के हवा, हे त्यांपैकीच. मग ज्या जिवाने ते खत केले त्याचे नाव शेतकऱ्याला का कळू नये? दुसरा, जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत जिथे प्राणिशास्त्राचा विभाग आहे त्या महाविद्यालयाने पावसाळ्यात एक दिवस ओळखीसाठी दार उघडे ठेवावे. शेतकऱ्याने डबी आणावी, विद्यार्थ्याने भिंगाखाली वलये मोजावीत, दोघांनी मिळून नाव लिहावे. अडले तर पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे नमुना पाठवावा. तिसरा, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आपल्याकडच्या पाच-सहा गांडुळांची चित्रांसह मराठी ओळखपत्रिका काढावी. एका पानात ती मावेल.

आणि शेतकरी भावा-बहिणींनो, तुमच्याकडून एकच मागणे आहे. पुढच्या वेळी कल्चर घ्यायला जाल तेव्हा पूर्ण वाढलेली चार गांडुळे ताटलीत काढायला सांगा आणि पट्टा कितव्या वलयावर आहे ते स्वतः मोजा. विकणाऱ्याने सांगितलेले नाव आणि तुमची मोजणी जुळली नाही, तर पैसे देऊ नका.